स्वस्तातला कॅमकॉर्डर: निवड करण्यापासून फुटेज कॉम्प्युटरवर येईपर्यंत

कॅमकॉर्डर घेताना नवखा माणूस बहुधा आधी झूम किती ते विचारतो, मग ४के आहे का ते पाहतो आणि शेवटी किमतीवर येतो. चित्रीकरण कॉम्प्युटरवर कसं आणायचं, हा प्रश्न त्याला पडतो तो कॅमेरा घरी आल्यावर, पहिलं शूटिंग उरकल्यावर. माझ्या मते हा प्रश्न सर्वात आधी विचारायला हवा. बजेट कमी असेल तर नक्कीच, कारण स्वस्तात मिळणारे बरेच कॅमेरे जुने असतात आणि त्यांतून फुटेज काढायला लागणारी केबल, कार्ड किंवा जोडणी कधीकधी कॅमेऱ्याहून महाग पडते. काही वेळा ती मिळतच नाही.

आधी गरज ठरवा

तुमच्याकडे बरा फोन असेल आणि दोन-चार मिनिटांच्याच क्लिप घ्यायच्या असतील, तर कॅमकॉर्डरवर पैसे घालू नका. स्वस्त कॅमकॉर्डरचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, फार लहान असतो. सुरुवातीच्या पातळीवरच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये तो १/५.८ इंच या वर्गातला असतो, आणि संध्याकाळच्या उजेडात आजचा मध्यम फोनही त्याहून स्वच्छ चित्र देतो.

कॅमकॉर्डर उपयोगी पडतो तो लांबलचक चित्रीकरणात. अख्खं नाटक, दीड तासाचं भाषण, मैदानाच्या कडेवरून घेतलेला सामना, शेवटच्या रांगेतून टिपायचा शाळेचा कार्यक्रम. त्याचं झूम काचेचं असतं, तो हातात नीट बसतो, बॅटरी संपली तर दुसरी लावता येते आणि तासभर चालला तरी तो सहसा तापून बंद पडत नाही. फोटो काढायच्या कॅमेऱ्यांपैकी अनेकांवर सलग २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा असायची. युरोपीय संघाच्या आयात शुल्काच्या नियमांत अर्धा तास किंवा जास्त सलग चित्रीकरण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा समजलं जाई आणि त्यावर कर लागे, म्हणून कंपन्या एक सेकंद आधीच थांबत. कॅमकॉर्डरला ही अडचण नव्हती. तेव्हा जुना फोटो कॅमेरा की जुना कॅमकॉर्डर असा पेच असेल आणि कार्यक्रम मोठे असतील, तर उत्तर कॅमकॉर्डर.

फुटेज कशावर साठतं ते पाहा

निवडीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू. बाजारात नव्या-जुन्या मिळून पाच तऱ्हा दिसतात.

पहिली, मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारे कॅमेरे. नवख्याने डोळे मिटून यातलाच घ्यावा. कार्ड काढलं, कार्ड रीडरमध्ये घातलं, फायली कॉपी केल्या, काम झालं. मात्र कार्ड कोणत्या जातीचं आहे ते पाहून घ्या. साधं एसडी कार्ड २ जीबीपर्यंत असतं, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि त्याच्या पुढचं एसडीएक्ससी. जुना कॅमेरा एसडीएचसीपर्यंतचीच कार्डं ओळखत असेल, तर ६४ जीबीचं कार्ड त्यात चालेल असं धरून चालू नका. सोनीच्या जुन्या हँडीकॅममध्ये एसडीऐवजी मेमरी स्टिक लागायची. ती आजही मिळते, पण शोधावी लागते आणि तिचा रीडरही वेगळा पाहावा लागतो.

दुसरी, आतच फ्लॅश मेमरी असलेले. हेही चांगले, पण फुटेज बाहेर काढायचा एकमेव रस्ता म्हणजे कॅमेऱ्याचं यूएसबी पोर्ट. ते सैल झालेलं असेल किंवा त्याची खास केबल हरवलेली असेल तर अडकलात. अशा कॅमेऱ्यात कार्डाची खाचही असेल तर निश्चिंत राहा.

तिसरी, हार्ड डिस्कवाले. एके काळी यांचं फार कौतुक होतं. पण आत फिरणारी तबकडी असते आणि आता ती बरीच जुनी झालेली असणार. फुकट मिळाला तर वापरा, विकत घेऊ नका.

चौथी, ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारे. एका बाजूच्या डिस्कवर १.४ जीबी मावतं, म्हणजे चांगल्या दर्जाचं साधारण वीस मिनिटांचं चित्रीकरण. शिवाय डिस्क त्याच कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’, म्हणजे रेकॉर्डिंग संपवून पक्की, केल्याशिवाय ती दुसरीकडे चालेल याची खात्री नसते. हा प्रकार घेऊच नका. आणि घरात अशा जुन्या डिस्क असतील तर एक सावधगिरी: नुसती फट असलेल्या, डिस्क आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये छोटी डिस्क कधी घालू नका, अडकून बसते. ट्रे बाहेर येणारा ड्राइव्ह वापरा.

पाचवी, कॅसेटवाले: १९८० आणि ९०च्या दशकांतले व्हीएचएस-सी, व्हिडिओ८, हाय८, त्यानंतरचे मिनीडीव्ही आणि डिजिटल८. घरातल्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायच्या असतील तर असा कॅमेरा मिळवणं योग्यच, कारण कॅसेट वाजवायला तेच यंत्र लागतं. त्यासाठीची कृती पुढे दिली आहे. नव्याने शूटिंग करायला मात्र कॅसेट नको. एक तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला एक तासच लागतो, त्यात घाई करता येत नाही.

‘४के, ४८ मेगापिक्सेल’ या शिक्क्यांपासून सावध

ऑनलाइन शोधायला बसलात की नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे चकचकीत कॅमकॉर्डर फार स्वस्तात दिसतील. डब्यावर ४के, ४८ मेगापिक्सेल, १६ किंवा १८ पट झूम, सोबत माइक, लाइट आणि रिमोट. यातल्या बहुतेकांत लेन्स एका जागी स्थिर असते, फोकस बदलत नाही आणि झूम संपूर्ण डिजिटल असतं. डिजिटल झूम म्हणजे मिळालेल्या चित्राचा मधला तुकडा कापून ताणणं, हे कॉम्प्युटरवर नंतरही करता येतं. ४केदेखील अनेकदा कमी तपशिलाचं चित्र फुगवून बनवलेलं असतं. तेवढ्याच पैशांत सोनी, कॅनन किंवा पॅनासॉनिकचा वापरलेला फुल एचडी कॅमकॉर्डर मिळत असेल, तर तो घ्या. चित्रात फरक पहिल्याच मिनिटाला कळेल.

वर्णन वाचताना ‘ऑप्टिकल झूम’ हे दोन शब्द शोधा आणि त्याच्यापुढचाच आकडा मोजा. सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ मध्ये ऑप्टिकल झूम ३० पट आहे, कॅननच्या एचएफ आर८०० मध्ये ३२ पट. डब्यावर याहून मोठे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

झूमइतकीच गरजेची आहे हात हलल्याची थरथर आवरणारी सोय, आणि तीही ऑप्टिकल असावी. ३० पट झूमवर हाताचा बारीक कंपही पडद्यावर भूकंप दाखवतो. तरीही शक्य तिथे ट्रायपॉड लावाच. महागड्या कॅमेऱ्यापेक्षा साध्या कॅमेऱ्याखाली ठेवलेला भक्कम ट्रायपॉड बघणाऱ्याला जास्त सुख देतो, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

आणि आवाज. नवखे लोक इकडे सर्वात कमी पाहतात. चित्र थोडं मऊ आलं तर चालून जातं. भाषणातले शब्द कळले नाहीत तर सगळं चित्रीकरण वाया. कॅमेऱ्याचा अंगचा माइक सभागृहाचा घुमारा, शेजारच्याचा खोकला आणि तुमच्या बोटांचा आवाज सारख्याच निष्ठेने पकडतो. म्हणून बाहेरचा माइक लावायचं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे का ते बघा. सीएक्स४०५ मध्ये ते नाही, आर८०० मध्ये आहे. मी स्वतः तेवढ्या एका कारणासाठी दुसरा निवडेन. माइकचं भोक नसलेला कॅमेरा आधीच हाती असेल तर फोन किंवा लहान व्हॉइस रेकॉर्डर बोलणाऱ्याजवळ ठेवा, सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवा आणि एडिटिंग करताना त्या टाळीवर दोन्ही आवाज जुळवा.

मेगापिक्सेल, रंगीत इफेक्ट, हसऱ्या चेहऱ्याची ओळख, वायफाय यांच्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. वायफायवरून मोठं फुटेज पाठवणं तसंही कंटाळवाणं असतं.

वापरलेला घेताना हातात धरून काय पाहायचं

सोबत तुमचं स्वतःचं एक कार्ड न्या. कॅमेरा चालू करून पाच मिनिटं सलग रेकॉर्ड करा, झूम पूर्ण आत-बाहेर फिरवा आणि त्या वेळी करकर ऐकू येते का बघा. जवळच्या वस्तूवरून दूरच्या वस्तूवर कॅमेरा वळवा, फोकस एक-दोन सेकंदांत बसायला हवा. लेन्सवर तिरका टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, तो कॅमेरा सोडून द्या. पडदा उघडून पूर्ण उलटा फिरवा, बिजागरीतली पट्टी गेली असेल तर तो मध्येच काळा पडतो.

चार्जर आणि बॅटरी सोबत मिळतेय ना ते विचारा. जुनी बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते, हे गृहीतच धरा आणि नव्या बॅटरीची किंमत कॅमेऱ्याच्या किमतीत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवा. काही कॅमेरे चिप नसलेली दुय्यम बॅटरी नाकारतात, तेही आधी पाहा.

परदेशातून आलेला कॅमेरा असेल तर अजून एक गोष्ट. काही देशांत वीज ५० हर्ट्झची असते, काही देशांत ६० हर्ट्झची, आणि कॅमेरे त्यानुसार सेकंदाला ५० किंवा ६० चित्रांच्या हिशोबाने बनतात. अनेक मॉडेल्समध्ये हे बदलता येत नाही. ६०वाला कॅमेरा ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली चालवला तर चित्र लुकलुकतं. शटर हाताने १/५० किंवा १/१०० वर ठेवता येत असेल तर त्यातून सुटका होते. तशी सोय नसेल तर बाहेर, सूर्यप्रकाशातच तो बरा.

शेवटी, रेकॉर्ड केलेलं कार्ड तिथल्या तिथे लॅपटॉपवर उघडून पाहा. विकणाऱ्याला संकोच वाटला तरी चालेल.

कार्ड किती मोठं, किती वेगवान

इथे थोडा हिशोब करावा लागतो, पण एकदा केला की कायमचा. कॅमेऱ्याच्या मेन्यूत दर्जासोबत ‘मेगाबिट प्रति सेकंद’ असा आकडा असतो. त्याला ८ने भागलं की मेगाबाइट मिळतात, ते ३६०० सेकंदांनी गुणले की तासाचा आकडा. २४ मेगाबिटला तासाला सुमारे ११ जीबी, २८ला साडेबारा, ५०ला साडेबावीस आणि ४केच्या १०० मेगाबिटला ४५ जीबी. म्हणजे २४-२८ मेगाबिटच्या फुल एचडीसाठी ६४ जीबीच्या कार्डावर चार-पाच तास सहज मावतात.

वेगाचं म्हणाल तर कार्डावर वर्तुळात १० लिहिलेलं असलं की ते सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहू शकतं. फुल एचडीला तेवढं पुरे. ४केसाठी यू३ किंवा व्ही३० अशी खूण पाहा, म्हणजे किमान ३० मेगाबाइट. यापेक्षा महाग कार्ड घेतल्याने चित्र सुधारत नाही.

नकली कार्डं मात्र खूप फिरतात. वर ६४ जीबी छापलेलं आणि आत फक्त ८, असं कार्ड कॅमेऱ्याला फसवतं आणि पुढचं चित्रीकरण नुसतंच हवेत जातं. नवीन कार्ड आलं की विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३ हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा.

पहिल्या शूटिंगआधीच्या सेटिंग्ज

तारीख आणि वेळ बरोबर लावा, पुढे फायली ओळखायला याचाच आधार असतो. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. कॅमेऱ्याला हवी ती फोल्डरांची रचना तोच करतो. डिजिटल झूम बंद करून टाका.

फॉरमॅट निवडायची सोय असेल तर सरळ एमपी४ किंवा एक्सएव्हीसी एस (हा सोनीचा प्रकार) घ्या, फाइल थेट कुठेही उघडते. पण कॅमेरा एमपी४ कमी दर्जात आणि एव्हीसीएचडी (कॅमकॉर्डरमधली रेकॉर्डिंगची एक पद्धत, तिच्याबद्दल पुढे येईलच) पूर्ण दर्जात देत असेल, तर एव्हीसीएचडीच ठेवा. जुन्या मॉडेल्समध्ये हे असंच असतं. आणि ५०आय, ५०पी असे पर्याय असतील तर ‘पी’वाला निवडा. ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड: एका वेळी चित्राच्या एकाआड एक ओळी टिपल्या जातात आणि कॉम्प्युटरवर हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते काढता येतात, पण ते काम मुळातच टळलेलं बरं.

कार्डावरून कॉम्प्युटरवर

केबलपेक्षा कार्ड रीडर वापरा. कॅमेऱ्याची बॅटरी मधेच संपायची भीती राहत नाही आणि कॅमेऱ्याचं नाजूक पोर्ट झिजत नाही. कार्ड रीडरमध्ये घालण्याआधी त्याच्या कडेची छोटी कळ ‘लॉक’कडे सरकवा, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही.

१. कॉम्प्युटरवर किंवा बाहेरच्या डिस्कवर तारखेने सुरू होणारं फोल्डर करा, उदाहरणार्थ ‘२०२५-०३-१४ नाटक’. वर्ष आधी लिहिलं की फोल्डरं आपोआप क्रमाने लागतात.

२. कार्डावरचं सगळं जसंच्या तसं त्या फोल्डरमध्ये कॉपी करा. ‘कट’ करू नका, मधेच वीज गेली तर इथलंही जाईल आणि तिथलंही.

३. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा फायलींचा आकडा आणि एकूण आकार ताडून पाहा.

४. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात शेवटची फाइल उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहा.

५. दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत करा. त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करा.

यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३० मेगाबाइट मिळतात, म्हणजे तासाभराचं फुल एचडी फुटेज सहा-सात मिनिटांत उतरतं. अर्धा तास लागला तर रीडर किंवा कार्ड तपासा.

‘सगळं जसंच्या तसं’ यावर मी भर देतोय त्याला कारण आहे. एव्हीसीएचडी ही पद्धत सोनी आणि पॅनासॉनिकने २००६मध्ये आणली. तिच्यात ‘प्रायव्हेट’ नावाच्या फोल्डरात ‘एव्हीसीएचडी’, त्यात ‘बीडीएमव्ही’, त्यात ‘स्ट्रीम’ अशी उतरंड असते आणि चित्रीकरण त्या सर्वात आतल्या ‘स्ट्रीम’मध्ये एमटीएस फायलींत असतं. नवखा माणूस शोधत शोधत तिथे पोचतो आणि फक्त एमटीएस उचलतो. छोट्या क्लिपना त्याने काही बिघडत नाही. लांब चित्रीकरणाला बिघडतं. कार्ड एफएटी३२ या फायली साठवायच्या जुन्या पद्धतीचं असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. त्यामुळे २४ मेगाबिटला साधारण चोवीस मिनिटांनी कॅमेरा नवी फाइल सुरू करतो, काही मॉडेल्स २ जीबीलाच. हे तुकडे कुठे कसे जुळतात याची नोंद बाजूच्या फोल्डरांत असते. ती टाकून दिलीत आणि तुकडे नुसते एकापुढे एक ठेवलेत, तर सांध्यावर क्षणभर आवाज तुटतो. नाटकातलं एखादं वाक्य नेमकं तिथे असू शकतं. अख्खी रचना शाबूत असेल तर कॅमेऱ्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आणि काही एडिटिंग प्रोग्रॅम हे तुकडे बिनजोड सांधून देतात.

मॅकवर ही सगळी उतरंड एकाच आयकॉनसारखी दिसते. घाबरू नका, तो आयकॉनच उचलून कॉपी करा. आत डोकवायचं असेल तर त्यावर राइट क्लिक करून पॅकेजमधला मजकूर दाखवण्याचा पर्याय घ्या.

एमटीएस फाइल चालत नसेल तर आधी व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडून पाहा, तिथे ती बहुतेक चालेलच. फाइल चालते पण एडिटिंग प्रोग्रॅम घेत नाही, असं झालं तर ‘कन्व्हर्टर’ शोधत सुटू नका. मोफत मिळणारे बरेच कन्व्हर्टर चित्र पुन्हा दाबतात आणि दर्जा घालवतात. एमटीएसच्या आतलं चित्र एच.२६४ पद्धतीचंच असतं, एमपी४मध्येही बहुधा तेच असतं. फक्त बाहेरचं वेष्टण बदलायचं. याला ‘रीमक्स’ म्हणतात. एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर ते काही सेकंदांत करतं आणि चित्राचा एक ठिपकाही बदलत नाही. पुढच्या कापाकापीसाठी शॉटकट आणि केडीएनलाइव्ह हे दोन्ही मोफत आहेत आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतात.

मिनीडीव्ही आणि डिजिटल८ कॅसेट

या कॅसेटवर माहिती आधीच डिजिटल असते. ती जशीच्या तशी उतरवायला फायरवायर जोडणी लागते. कॅमेऱ्यावर तिला ‘डीव्ही’ किंवा ‘आय.लिंक’ असं नाव असेल. त्याच कॅमेऱ्याला यूएसबी पोर्टही दिसतं आणि नवखा माणूस तिथेच अडखळतो. बहुतेक मॉडेल्समध्ये ते फक्त फोटो उतरवायला किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी असतं.

एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी साधी केबल ऑनलाइन विकायला असते. ती घेऊ नका. दोन्ही जोडण्यांची भाषाच वेगळी आहे, नुसत्या तारा जोडून काम होत नाही. डेस्कटॉप असेल तर फायरवायरचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवा, हा सर्वात भरवशाचा आणि स्वस्त मार्ग. कॅमेऱ्याकडे छोटं ४ पिनचं टोक आणि कार्डाकडे बहुधा ६ पिनचं, तशी केबल घ्या. मॅकवाल्यांनी लक्षात ठेवायचं ते असं: २०२५मध्ये आलेल्या मॅकओएस २६, म्हणजे ताहो या आवृत्तीत ॲपलने फायरवायरचा आधार काढून टाकला. कॅसेट उतरवायच्या बाकी असतील तर एक जुना मॅक जुन्याच आवृत्तीवर राखून ठेवा.

कॅसेटच्या पाठीवरची कळ आधी ‘सेव्ह’कडे सरकवा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत मोकळी होते. कॅमेरा बॅटरीवर न ठेवता विजेवर लावा, प्ले करायच्या मोडमध्ये ठेवा, मग केबल जोडा. विंडोजवर विनडीव्ही हा छोटा मोफत प्रोग्रॅम पुरतो, मॅकवर आयमूव्ही. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. चित्रात चौकोनी तुकडे उडू लागले तर हेड साफ करायची कॅसेट काही सेकंद चालवा आणि तेवढा भाग पुन्हा घ्या. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नका, बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. ते काम जाणकाराकडे द्या.

व्हीएचएस-सी, व्हिडिओ८ आणि हाय८

या ॲनालॉग कॅसेट. हाय८साठी एक उत्तम युक्ती आहे: काही डिजिटल८ कॅमेरे जुन्या हाय८ आणि व्हिडिओ८ कॅसेट वाजवतात आणि फायरवायरमधून थेट डिजिटल करून देतात. सगळे देत नाहीत, मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत खात्री करा. असा कॅमेरा मिळाला तर वरचीच कृती लागू होते.

नाहीतर यूएसबी कॅप्चर डिव्हाइस, म्हणजे कॅमेऱ्यातून येणारं ॲनालॉग चित्र डिजिटल करून कॉम्प्युटरला देणारं छोटं यंत्र, घ्यावं लागेल. कॅमेऱ्याची पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाच्या. एस-व्हिडिओचं गोल पोर्ट दोन्हीकडे असेल तर चित्रासाठी पिवळ्याऐवजी ते वापरा, रंगांच्या कडा स्वच्छ येतात. आवाजाच्या पिना मात्र तरीही लावाव्या लागतात, एस-व्हिडिओमधून आवाज जात नाही.

मग ओबीएस स्टुडिओ हे मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर उघडा, व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस हा सोर्स जोडा. कॅसेट पाल (भारतातली जुनी टीव्ही पद्धत) पद्धतीची असेल तर ७२० बाय ५७६, एनटीएससी (अमेरिका, जपानमधली) असेल तर ७२० बाय ४८० निवडा. सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये ‘याडिफ २एक्स’ घ्या आणि रेकॉर्डिंगचा वेग पालसाठी सेकंदाला ५० चित्रांवर ठेवा, म्हणजे हालचाल मुळात होती तितकी सळसळीत राहते. पाल कॅसेटमधली माणसं किंचित बारीक दिसली तर चित्र ७६८ बाय ५७६ असं ताणा. जुन्या व्हिडिओचे ठिपके चौकोनी नसतात, म्हणून हा फरक पडतो. फाइल एमकेव्हीमध्ये साठवा. मधेच कॉम्प्युटर बंद पडला तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं.

सुरुवातीला दोन मिनिटं उतरवून आवाज येतोय का ते हेडफोन लावून ऐका. तासभर मुकं चित्र रेकॉर्ड करणारे लोक फार आहेत.

जपून ठेवणं

मूळ फायली आणि एडिट केलेला व्हिडिओ वेगळ्या फोल्डरांत ठेवा. एडिट केलेला लहान होतो, पाठवायला सोपा असतो, पण तो मूळ फुटेजची जागा घेत नाही. मूळ फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर असावं आणि जमलं तर तिसरी प्रत दुसऱ्या घरी. एकाच डिस्कवरची दोन फोल्डरं म्हणजे दोन प्रती नव्हेत.

आणि कॅमेरा नवा असो की वापरलेला, तो परत करायची मुदत संपायच्या आत एक रंगीत तालीम करा. ज्या माइकने, ज्या कार्डावर आणि ज्या सेटिंगवर पुढे काम करणार आहात, त्यावरच अर्धा तास सलग काहीही रेकॉर्ड करा. फाइल दोन तुकड्यांत पडायला तेवढा वेळ लागतो. ती कॉम्प्युटरवर आणा, तुकडे जोडा, सांध्यावरचा आवाज ऐका, छोटा व्हिडिओ बनवून सेव्ह करा. यातली एखादी पायरी अडली, तर बिल आणि डबा अजून तुमच्याकडे आहे.